तीन कोटेशनं, एकच शुद्धलेखन

सोलापूरचा माणूस चादर कशी घेतो हे बाहेरगावच्या पाहुण्याने एकदा तरी चाटी गल्लीत उभं राहून बघावं. दुकानदाराने घडी उलगडली की हा आधी चादरीकडे बघत नाही, दुकानदाराच्या चेहऱ्याकडे बघतो. मग चादर उचलून हातानेच तिचं वजन जोखतो, टोक मुठीत चुरगाळून सोडतो, उजेडावर धरून वीण बघतो, काठाचा धागा नखाने ओढतो आणि शेवटी हळूच विचारतो, "पानिपतची तर नाही ना?" दुकानदार सिद्धेश्वराची शपथ घेतो. शपथेवर विश्वास न ठेवता हा शेजारच्या दुकानात जातो. चादरीला भौगोलिक मानांकन मिळून वीसेक वर्षं झाली. पण सोलापूरकराचा मानांकनापेक्षा नखावर भरवसा जास्त. त्यात वावगं काही नाही. कुणाचा बाप जुन्या मिलमध्ये होता, कुणाचा आजा लक्ष्मी-विष्णूत, कुणाची आत्या अजून घरी यंत्रमागाच्या खडखडाटात जेवते. या गावाला सुताबद्दल फसवणं अवघड आहे.

हाच माणूस सोमवारी कचेरीत जातो. तिथे तो खरेदी समितीचा सदस्य असतो. पाचशे चादरींची फाइल त्याच्यापुढे येते आणि तो सही करतो. चादर कुठे आहे? चादर नसते. तुलनात्मक तक्ता असतो. तक्त्यात तीन पुरवठादार, तीन दर आणि सगळ्यात खालच्या दरावर लाल पेनाने केलेली खूण. काल नखाने धागा ओढणारं ते बोट आज 'मान्य' या शब्दाखाली थांबतं.

वर्षानुवर्षं हे बघून माझं असं मत झालंय की सरकार वस्तू विकत घेतच नाही. सरकार फाइल विकत घेतं. फाइलीबरोबर कधीकधी वस्तूही येते, पण ती येण्यावर काही अडत नाही.

भ्रष्टाचार म्हटलं की आपल्याला सिनेमातली ब्रीफकेस आठवते, अंधारातली गाडी आठवते. लेखापरीक्षणाला बसलेल्या एखाद्या जुन्या माणसाला विचारून बघा, तो हसेल. ज्या खरेदीत कुणी काही खाल्लेलं नसतं तिच्या फाइलीत हमखास एक सही राहिलेली असते, पानांचे नंबर चुकलेले असतात, आवक नोंद सापडत नाही, पोचपावतीवर तारीख नसते. ती केलेली असते घाईत, कारण खरंच दवाखान्यात चादरी संपलेल्या असतात. तिच्यावर सात आक्षेप निघतात आणि तो बिचारा भांडारपाल निवृत्त होईपर्यंत खुलासे देत बसतो. याउलट ज्या खरेदीत सगळ्यांनी पोटभर खाल्लेलं असतं तिची फाइल बघून डोळे निवतात. टिपणी पान १ ते ४८, प्रत्येक पानावर लघुस्वाक्षरी, हिरव्या शाईत वरिष्ठांचा शेरा, शासन निर्णयाची प्रत, त्याच्या शुद्धिपत्रकाची प्रत, नमुना मिळाल्याची नोंद. नवीन कारकुनाला फाइल कशी ठेवायची हे शिकवताना हीच फाइल काढून दाखवतात.

नमुन्याचंही सांगायला हवं. नमुना उत्कृष्ट असतो. लाखेचं सील लावून तो कपाटात ठेवतात. पुढे पुरवठा आला की मालाची गाठ नमुन्याशी घालून बघायची असा नियम आहे. पण तोवर कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांची बदली झालेली असते आणि थंडीचे दिवस असतात.

छोट्या खरेदीला तीन कोटेशनं लागतात. ही प्रथा कुणी काढली माहीत नाही, पण तिचा हेतू भाबडा होता. तीन दुकानदारांना विचारा, स्वस्त असेल त्याच्याकडून घ्या. आता तीन दुकानदारांकडे जायचं म्हणजे तीनदा रिक्षा, तीनदा चहा. म्हणून एकाच दुकानदाराला सांगितलं जातं, "तीन घेऊन ये." तो येतो. तीन वेगळी लेटरहेडं, एकावर गणपती, एकावर सिद्धेश्वर, एकावर तिरुपती, म्हणजे सर्वधर्मसमभाव नसला तरी सर्वदेवसमभाव आहे. पहिला दर साडेआठशे, दुसरा आठशे ऐंशी, तिसरा नऊशे दहा. आणि तिन्ही पत्रांच्या शेवटी 'आपला विस्वासू'. तीन स्वतंत्र व्यापारी, तीन स्वतंत्र पेढ्या, पण 'विश्वासू' लिहिताना तिघांचाही पाय एकाच खड्ड्यात पडतो. यातला दुसरा आणि तिसरा देव मला नेहमी थोर वाटतो. आयुष्यभर तीस-साठ रुपयांनी हरण्यासाठी त्यांची नेमणूक झालेली असते.

१ डिसेंबर २०१६ रोजी राज्य सरकारने खरेदीची नवी नियमपुस्तिका काढली. जाडजूड, बारकाईची, आणि खरं सांगायचं तर चांगली. तीन लाखांच्या वरची खरेदी ई-निविदेनेच करायची असं तीत ठरलं. त्यानंतर एक आर्थिक चमत्कार घडला. राज्यातल्या कचेऱ्यांच्या गरजा एकदम दोन लाख नव्याण्णव हजारांवर येऊन थांबू लागल्या. कुठे खुर्च्या २,९८,५००, कुठे झेरॉक्सचा कागद २,९९,२००. आठ लाखांची गरज असेल तर ती तीन वेगवेगळ्या दिवशी जाणवू लागली. सोमवारी लक्षात आलं की टेबलं नाहीत, गुरुवारी लक्षात आलं की टेबलांना खुर्च्या लागतात, पुढच्या मंगळवारी कपाटं आठवली. नियमपुस्तिकेत खरेदीचे तुकडे पाडू नयेत अशी तंबी आहे, पण माणसाला आठवेल तेव्हा आठवेल, त्याला नियम काय करणार. पुढे मर्यादा वर सरकली आणि गरजाही तिच्याबरोबर वर सरकल्या, तिच्या अगदी पायाशी जाऊन बसल्या.

मोठ्या खरेदीत कोटेशनचा पोरखेळ चालत नाही. तिथे स्पेसिफिकेशन असतं, आणि इथे खरा प्रतिभेचा प्रांत सुरू होतो. समजा, संस्थेला पाण्याचं फिल्टर हवंय. बाजारात वीस कंपन्यांची फिल्टरं आहेत. मग तपशिलात लिहितात की टाकीची उंची ४७.३ सेंटिमीटर असावी, तोटी डावीकडे असावी, रंग फिकट जांभळा, आणि पुरवठादाराने गेल्या तीन वर्षांत किमान दोन सरकारी कार्यालयांना डाव्या तोटीचीच फिल्टरं पुरवलेली असावीत. जाहिरात सगळ्यांसाठी खुली असते. मुलगी बघून, पसंती होऊन, याद्या होऊन गेल्यावर 'अनुरूप वधू पाहिजे' म्हणून पेपरात द्यावं तसं. बाकीचे एकोणीस कंपनीवाले जाहिरात वाचतात आणि डाव्या तोटीजवळ आले की समजून पान उलटतात.

संगणक आला तेव्हा आम्हाला वाटलं, संपलं आता. ई-निविदा, डिजिटल सही, दोन लिफाफे, पहिल्यात कागदपत्रं, दुसऱ्यात दर, सगळं ऑनलाइन. यंत्राला काका-मामा नसतात. हे खरं आहे, पण यंत्र चालू-बंद करणाऱ्याला असतात. २०१४ साली मुंबई महापालिकेतला ई-निविदांचा प्रकार उघडकीला आला, त्यात काही वॉर्डांत निविदा भरण्याची खिडकी मध्यरात्रीनंतर थोडा वेळ उघडायची आणि पुन्हा बंद व्हायची असं चौकशीत दिसलं. अभियंते निलंबित झाले. मला मात्र त्या अपरात्री संगणकापुढे जागणाऱ्या मक्तेदारांचं कौतुक वाटतं. कोण म्हणतं मराठी माणूस धंद्यासाठी रात्र जागत नाही!

मुंबईचाच आणखी एक दाखला द्यायचा मोह आवरत नाही. देशाच्या महालेखापरीक्षकांनी मुंबई महापालिकेच्या नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२ या काळातल्या कामांची तपासणी केली आणि मार्च २०२३ मध्ये अहवाल विधानसभेत आला. त्यात सुमारे ४,७५६ कोटींच्या कामांत ६४ मक्तेदारांशी करारच झालेला नव्हता असं नमूद होतं. आणखी वीस कामं, सुमारे २१४ कोटींची, निविदा न काढताच दिलेली. आमच्याकडे दहा बाय दहाची खोली भाड्याने देताना घरमालक अकरा महिन्यांचा करार करतो, त्यावर दोन साक्षीदार घेतो, भाडेकरूच्या गावाकडचा पत्ता घेतो आणि तरीही रात्री झोपताना त्याला वाटतं की हा माणूस खोली बळकावणार. मुंबईने चार हजार सातशे कोटी दिले ते निव्वळ तोंडओळखीवर. याला विश्वास म्हणतात. 'विस्वास'ही म्हणता येईल.

आता मक्तेदारांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. (सोलापुरात कंत्राटदाराला मक्तेदारच म्हणतात, 'कॉन्ट्रॅक्टर' म्हटलं तर तो पुण्याचा असावा असा समज होतो.) मक्तेदारांची आपसात भांडणं व्हावीत आणि त्या भांडणात दर खाली यावेत अशी सरकारची इच्छा असते. म्हणजे शेजाऱ्यांनी भांडावं आणि आपलं भलं व्हावं, ही काही सुसंस्कृत इच्छा नाही. मक्तेदार त्याऐवजी एकत्र बसतात. पार्क चौकातल्या एखाद्या हॉटेलात डोसा खात खात ठरतं की हा रस्ता तुझा, ती गटार माझी, समाजमंदिर त्याचं. 'टेंडर मॅनेज झालं' एवढाच निरोप येतो. जपानमध्ये यालाच 'दांगो' म्हणतात आणि तिथे पिढ्यान् पिढ्या हे चालत आलेलं आहे, कायदे झाले, खटले झाले, तरी पुन्हा कुठेतरी निघतंच. तेव्हा ज्यांना जपानसारखी प्रगती हवी आहे त्यांनी निदान एका क्षेत्रात समाधान मानायला हरकत नाही.

टक्केवारीबद्दल बोलायचं तर आपलं गाव नकाशावर मोठ्या चमत्कारिक जागी आहे. दक्षिणेला तासाभरात कर्नाटक लागतं. २०२१ मध्ये तिथल्या कंत्राटदारांच्या संघटनेने पंतप्रधानांना पत्र लिहून तक्रार केली की कामाच्या चाळीस टक्के द्यावे लागतात. तो आकडा पुढे निवडणुकीत भिंतीभिंतीवर गेला. दुसरीकडे कॅनडातल्या क्युबेक प्रांतात २०११ पासून चार वर्षं एक चौकशी आयोग बसला होता, बांधकामाच्या ठेक्यांतल्या संगनमतावर. तिथे मॉन्ट्रियलमधल्या एका गृहस्थाचं टोपणनावच 'मिस्टर थ्री पर्सेंट' पडलेलं होतं. तीन टक्के! त्यासाठी चार वर्षं आयोग! मी हे एका ओळखीच्या मक्तेदाराला सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "मालक, तिकडचं टेंडर भरायला डिपॉझिट किती लागतं?"

आपल्याकडे किती टक्के, हे मी सांगणार नाही, कारण कागदावर ते शून्य आहे आणि माझा कागदावर विश्वास आहे. पण जाणकार सांगतात ते असं: सरकारी कारभारात वेळेवर, बिनचूक, विनातक्रार आणि बदली झाली तरी हिशेब न चुकता पार पडणारं हे एकच काम. टेबलामागून टेबल, प्रत्येकाचा वाटा ठरलेला. कुणी जास्त मागितलं तर बाकीची टेबलं त्याच्यावर नाराज होतात. म्हणतात, "व्यवस्था बिघडवतोय."

फेब्रुवारी २०१५ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास खात्याने एका दिवसात चोवीस शासन निर्णय काढून सुमारे २०६ कोटींची खरेदी मंजूर केली. चिक्की, चटया, पुस्तकं, फिल्टर असं बरंच काही. निविदा का काढल्या नाहीत म्हणून गदारोळ झाला. दरकरार होता, असं उत्तर आलं. पुढे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने चौकशी करून क्लीन चिट दिली. सोलापूरला मात्र त्यात वेगळंच दुःख होतं. शेंगाची चटणी ज्या गावात कुटून, पुड्या बांधून, अमेरिकेला पोरांच्या बॅगेतून जाते, त्या गावाला शेंगदाण्याच्या एवढ्या मोठ्या व्यवहारात कुणी विचारलंही नाही.

गणवेशाच्या वेळी तर जखमेवर मीठ पडलं. आता गणवेश म्हणजे सोलापूर, हे निदान धंद्यातली माणसं तरी जाणतात. गिरण्या गेल्या, यंत्रमाग थकले, तेव्हा या गावाने शिलाई मशीन धरलं. घराघरांत बायका कॉलर जोडतात, गुंड्या लावतात, आणि इथला शर्ट आखातातल्या शाळेत जाऊन बसतो. २०१७ पासून इथल्या रेडिमेड कापड उत्पादक संघाने गणवेशांची आंतरराष्ट्रीय प्रदर्शनं भरवायला सुरुवात केली. सहावीतल्या मुलाच्या खांद्याचं माप जूनमध्ये किती आणि दिवाळीनंतर किती, हे इथला कारागीर मुलाच्या आईपेक्षा बरोबर सांगेल.

सरकारी शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना दोन मोफत गणवेश मिळायचे. एका गणवेशाचे तीनशे रुपये शाळा व्यवस्थापन समितीकडे जायचे आणि मुख्याध्यापक गावातल्या, नाहीतर तालुक्याच्या दुकानातून घ्यायचे. तिथेही चहापाणी होत नसेल असं नाही. पण शर्ट आखूड झाला तर पोराची आई दुकानदाराच्या दारात जाऊन उभी राहू शकत होती, आणि बाजारच्या दिवशी चारचौघांत शर्ट हवेत नाचवू शकत होती. हे लेखापरीक्षण महालेखापरीक्षकांच्या वरताण असतं.

मग 'एक राज्य, एक गणवेश' आलं. कल्पना कागदावर इतकी देखणी होती की तिला दृष्ट लागावी. सगळ्या राज्याचं कापड एकत्र घ्यायचं, म्हणजे स्वस्त पडेल. ते महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांना द्यायचं, म्हणजे महिलांना काम. शिलाई आणि किरकोळ खर्च मिळून एका गणवेशाला ११० रुपये. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात हे राज्यभर लागू झालं. जूनला शाळा उघडली, गणवेश नाही. जुलै गेला. पंधरा ऑगस्टला झेंड्याला सलामी कित्येक ठिकाणी जुन्याच कपड्यांत झाली. मग गणवेश यायला लागले, तर काहींच्या बाह्या कोपरापर्यंत, काहींच्या चड्ड्या गुडघ्याखाली. पाचवीतल्या मुलाला तिसरीचा शर्ट आणि तिसरीतल्याला सातवीचा. दोघांनी अदलाबदल केली असती तरी एकाचा प्रश्न सुटला नसता. ११० रुपयांत खिशासकट शर्ट आणि वर पँट शिवायची म्हणजे दोऱ्याचे पैसे बाईने आपल्या पदरचे घालायचे. अनेक गटांनी हात जोडले. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने योजना गुंडाळली आणि पुढच्या वर्षापासून पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे पैसे द्यायचं ठरवलं.

यात कुणी काही खाल्लं, असं मी म्हणत नाही. माझ्याकडे पुरावा नाही आणि अब्रूनुकसानीच्या खटल्याला वकील करायची ऐपतही नाही. उलट मला भीती वाटते ती कुणी काहीच खाल्लं नसेल याची. चोर असता तर सापडला असता, निदान बदली झाली असती. पण कापडाची निविदा नियमाने, दर नियमाने, वाटप नियमाने, आणि शेवटी चड्डी गुडघ्याखाली, तीही नियमाने. या सगळ्या प्रवासात ज्याच्या अंगावर तो शर्ट चढायचा होता त्या पोराची सही कुठेच लागत नव्हती. त्याच्या आईचीही नाही. आणि आम्ही, शिलाईचं गाव, लग्नात जेवायला न बोलावलेल्या आचाऱ्यासारखे वास घेत बसलो होतो.

बसचं तर विचारूच नका. जवाहरलाल नेहरूंच्या नावाने केंद्राची शहर विकास योजना होती, तिच्यातून आमच्या परिवहन खात्याला नव्या बस मिळाल्या. गाव हरखलं. थोड्याच दिवसांत त्यातल्या बऱ्याच बसच्या चेसीला तडे गेलेले दिसले आणि जवळजवळ शंभर गाड्या डेपोत उभ्या राहिल्या. मग कंपनी म्हणाली रस्ते वाईट, पालिका म्हणाली गाड्या वाईट, आणि प्रवासी म्हणाले दोघांचंही बरोबर आहे. दोन्ही बाजूंच्या फाइली अर्थातच उत्तम होत्या. गाड्यांवर गवत उगवलं, फाइलींवर नाही.

या सगळ्याचा हंगाम मार्च. आंब्याला जसा मोहोर येतो तसा मार्चमध्ये कचेरीला निधी येतो. वर्षभर मागणी करून न मिळालेले पैसे २० मार्चला येतात आणि ३१ तारखेच्या रात्री बारापर्यंत खर्च करायचे असतात. न केले तर परत जातात. चोरीपेक्षा सरकारी माणूस या परत जाण्याला जास्त घाबरतो. चोरी झाली तर चौकशी होते. निधी परत गेला तर पुढच्या वर्षी मिळत नाही. म्हणून जे लगेच मिळतं ते घेतात. पडदे, कूलर, फोटोफ्रेम, भिंतीवरची घड्याळं. एका कार्यालयात मी पाणी थंड करण्याची तीन मोठी यंत्रं एका ओळीत पाहिली आहेत, ज्या गावात उजनी धरणाचं पाणी चार-पाच दिवसांआड येतं त्या गावात. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आमचा नववा नंबर आला होता. उजनीपासूनची शंभरावर किलोमीटरची दुसरी जलवाहिनी त्यातलीच. तिच्या वाटेत मक्तेदार बदलला, वर्षं गेली. यंत्रं तेवढी वेळेवर आली. तिन्ही कोरडी, पण थंड.

लाचलुचपतवाल्यांचं काम चालू असतं, नाही असं नाही. १०६४ वर फोन करा, ते पावडर लावलेल्या नोटा घेऊन येतात. दरवर्षीच्या यादीत महसूल आणि पोलीस ही दोन खाती पहिल्या-दुसऱ्या नंबरसाठी झुंजतात. सातबाऱ्याच्या नोंदीसाठी दोन हजार घेणारा तलाठी पकडला जातो, फोटो छापून येतो, बोटं रंगलेली. पण तुलनात्मक तक्त्याला पावडर लावता येत नाही. ४७.३ सेंटिमीटरला लावता येत नाही. किरकोळीत खाणाऱ्याचे हात रंगतात. ठोकवाल्याच्या हातात फाइल असते आणि ती, वर सांगितलं तसं, स्वच्छ असते. २०१८ मध्ये कायदा दुरुस्त झाला, आता देणाराही गुन्हेगार. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवायचं. मक्तेदारांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "सात दिवसांत? बिलच तीन वर्षांनी निघतंय, मालक."

हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. २०२५ मध्ये राज्यातल्या कंत्राटदार संघटनांनी थकीत बिलांचा आकडा ८९ हजार कोटींच्या घरात सांगितला, आंदोलनं केली. ज्याच्याकडे पोटाला चिमटा काढून तीन वर्षं थांबायची ताकद आहे, किंवा बिल हलवायची कला आहे, तोच या धंद्यात टिकणार. बाकीचे निमूट बाहेर पडतात. म्हणजे निविदेत सगळ्यात कमी दराचा माणूस निवडला जातो असं आपण समजतो, पण त्याच्या कितीतरी आधी, ज्याला शर्ट शिवता येतो तो गाळला गेलेला असतो.

अक्कलकोट रोडला गणवेशाचा कारखाना असलेले एक अण्णा आहेत. तेलुगू घरचे, मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ, हिशेब त्याहून स्वच्छ. दुबईच्या शाळांना माल देतात. मी विचारलं, "अण्णा, सरकारी टेंडर का भरत नाही? एवढा मोठा नफा."

"नफा मिळतो की," अण्णा म्हणाले. "पैसे मिळत नाहीत."

एकदा भरलं होतं म्हणे, बऱ्याच वर्षांपूर्वी. काम मिळालं नाही, दुसऱ्या कुणाला गेलं, त्याबद्दल तक्रारही नाही. फक्त बयाणा रक्कम भरली होती ती परत हवी होती. अर्ज केला. स्मरणपत्र दिलं. दुसरं स्मरणपत्र दिलं. अखेर परवा त्या कार्यालयाचं उत्तर आलं, तेही पोस्टाने. अण्णांनी ते लॅमिनेट करून कारखान्यात लावलंय. रक्कम परत करण्यास कार्यालयाची काहीच हरकत नाही. मात्र त्यासाठी मूळ पावती जोडावी. मूळ पावती कार्यालयाच्याच फाइलीत, पान ३१ वर आहे. त्या पानाची प्रत मिळण्यासाठी अर्ज करता येईल. अर्जासोबत मूळ पावतीची झेरॉक्स जोडावी.